रिपोर्टात ई. कोलाय शून्य, मग कावीळ कुठून आली?

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या पाण्याच्या तपासणीवर लिहिताना मी एका ओळीत कोलिफेजचा उल्लेख केला होता, म्हणजे ई. कोलायसारख्या आतड्यातल्या बॅक्टेरियाला लागण करणारे विषाणू (बॅक्टेरियाच्या अशा विषाणूंना फेज म्हणतात), आणि पाण्यात मैला मिसळलाय का हे त्यांच्यावरून कळतं असं म्हटलं होतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी आपल्या सोसायटीची, गावाची अडचण अगदी मोकळेपणाने लिहिली आहे.

प्रश्न : आमची सोसायटी पुण्याच्या बाहेरच्या भागात आहे, टँकर आणि बोअर दोन्हीचं पाणी एकाच टाकीत पडतं. मागच्या महिन्यात चार घरांत कावीळ झाली, डॉक्टरांनी हेपटायटिस ई सांगितलं. लगेच पाणी लॅबला दिलं तर रिपोर्ट आला की ई. कोलाय आढळला नाही, पाणी पिण्यास योग्य. आता निम्मे मेंबर म्हणतात बाहेरचं खाल्लं असेल. काय खरं मानायचं? (सोसायटीचे सेक्रेटरी, पुणे)

उत्तर : दादा, रिपोर्ट खोटा नाहीये आणि कावीळ पण खोटी नाहीये, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आधी तारखा बघा. हेपटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत २ ते १० आठवडे जातात, साधारण ५-६ धरा. ज्या पाण्याने लागण झाली ते टाकीतून कधीच वाहून गेलं, तुम्ही बाटलीत भरून दिलंत ते आत्ताचं. त्यामुळे या रिपोर्टवरून दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याबद्दल कोणीच काही बोलू शकत नाही, ना तुम्ही ना ते बाहेरचं खाल्लं म्हणणारे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ई. कोलाय माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात असतोच, म्हणून पाण्यात तो दिसला की मैला आला असं आपण शंभर वर्षांहून जास्त काळ धरत आलोय, आणि ते बरोबरच आहे. चूक होते ती उलट बाजूने, तो दिसला नाही म्हणजे मैला आलाच नाही असं आपण धरतो. ई. कोलाय क्लोरीनने पटकन मरतो, पोटात जाणारे बरेचसे विषाणू त्यामानाने चिवट असतात. टाकीत थोडीफार टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली, ई. कोलाय गेला, विषाणू राहिला, आणि रिपोर्टात शून्य.

हे आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये यमुनेच्या पुरानंतर पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादला जिथून दिल्लीचं पिण्याचं पाणी उचलतात तिथपर्यंत आलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड आणि जुलाबाची साथ आली नाही, म्हणजे बॅक्टेरिया खरोखर मेले होते. पण पुढच्या काही आठवड्यांत दिल्लीत काविळीचे साधारण २९,३०० रुग्ण झाले. तेव्हा हा कुठला विषाणू हे माहीतच नव्हतं, पुढे जपून ठेवलेलं सीरम तपासल्यावर कळलं की तो आजचा हेपटायटिस ई. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ ला काविळीची जी मोठी साथ आली ती पण हेपटायटिस ईचीच होती.

मग विषाणूंसाठी वेगळी खूण हवी ना, तिथे कोलिफेज कामाला येतात. ई. कोलाय एक-दोन मायक्रॉन लांब असतो, हेपटायटिस ए, ई किंवा पोलिओचा विषाणू साधारण ३० नॅनोमीटर, म्हणजे तीस ते साठ पट लहान. एमएस२ नावाचा कोलिफेज २७ नॅनोमीटरच्या आसपास. आकार जवळपास तोच, बाहेर तसंच प्रोटीनचं कवच, आत तसाच आरएनए. त्यामुळे मातीतून, गाळणीतून, क्लोरीनमधून जाताना तो या विषाणूंच्या बराच जवळपास वागतो, बॅक्टेरियापेक्षा तर नक्कीच. तो माणसाला काही करत नाही, आणि हेपटायटिस शोधण्याच्या मानाने त्याला मोजणं कितीतरी स्वस्त.

आणि हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत हे लिहिलेलं आहे : १ लिटर पाण्यात एमएस२ फेज नसला पाहिजे, आणि सापडला तर पुढे पीसीआरने विषाणू तपासायचे. म्हणजे नियम आहे. पण सोसायट्या ज्या रिपोर्टावर समाधान मानतात त्यात ही ओळ मी क्वचितच बघते, कारण आपण मागतच नाही. तुम्ही मागा.

तोपर्यंत सगळ्या घरांत पाणी खळखळून उकळा, एक मिनिट चांगली उकळी पुरे. कोणी गरोदर असेल तर तिच्याबाबतीत अजिबात चालढकल नको, शेवटच्या तिमाहीत हेपटायटिस ई झाला तर १०० पैकी २० ते २५ पर्यंत बायका दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि ड्रेनेजची लाइन आणि जमिनीखालच्या टाकीत येणारी लाइन कुठे एकमेकींना ओलांडतात ते प्लंबरला उभं करून शोधा, टँकर येऊन गेल्यावर पाइप रिकामा असताना चिरेतून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

प्रश्न : मी बीएस्सी मायक्रोला आहे. फेज तर साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, मग पाण्यातले फेज "मोजतात" म्हणजे नक्की काय करतात? आणि सोमॅटिक आणि एफ-स्पेसिफिक असे दोन प्रकार का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : मस्त प्रश्न विचारलास. नेहमीच्या टेस्टमध्ये आपण पाण्यातला ई. कोलाय वाढवतो आणि कॉलनी मोजतो, इथे बरोबर उलटं, ई. कोलाय आपणच प्लेटभर पेरायचा आणि तो कुठे कुठे मेला ते मोजायचं.

१०० मिली नमुना घ्यायचा, त्यात मॅग्नेशियम क्लोराइड घालायचं म्हणजे फेजला बॅक्टेरियाला चिकटायला मदत होते, मग जोमाने वाढत असलेला ताजा ई. कोलाय घालायचा आणि दुप्पट ताकदीचा वितळलेला अगार (बॅक्टेरिया वाढवायची जेली) ओतून सगळं पटकन प्लेटांमध्ये वाटून टाकायचं. इथे हाताला सवय लागते, अगार जास्त गरम असला तर बिचारे बॅक्टेरियाच मरतात, थोडा थंड झाला तर गुठळ्या होतात आणि प्लेट वाया. मग ३६ डिग्रीला १६ ते २४ तास. सकाळी प्लेट उजेडासमोर धरलीस की सगळीकडे दुधट थर दिसतो, तो ई. कोलाय, आणि त्यात घावनाला पडते तशी जाळी. त्या प्रत्येक भोकाच्या मध्यभागी आदल्या दिवशी एक फेज येऊन पडला होता, तो एका पेशीत शिरला, आत वाढला, पेशी फोडून बाहेर आला, शेजारच्या पेशी धरल्या, असं करत करत ते भोक डोळ्याला दिसण्याएवढं झालं. त्याला प्लाक म्हणतात, आणि रिपोर्टात १०० मिलीत इतके पीएफयू, म्हणजे प्लाक पाडणारे कण, असं लिहितात. टाचणीच्या टोकाएवढ्या प्लाकपासून अर्धा सेंटीमीटर किंवा जास्त असे सगळे आकार एकाच प्लेटवर दिसू शकतात, विशेषतः सोमॅटिकमध्ये, कारण ते एकच कुटुंब नाहीये.

आता दोन प्रकारांचं. सोमॅटिक कोलिफेज बॅक्टेरियाच्या बाहेरच्या भिंतीलाच थेट चिकटतात, फाय-एक्स-१७४ हा त्यातला नेहमी कंट्रोल म्हणून, म्हणजे टेस्ट नीट चालली का हे बघायला, वापरतात तो. एफ-स्पेसिफिक फेज मात्र भिंतीला नाही, एफ-पिलस नावाच्या बारीक केसासारख्या तंतूलाच चिकटतात, एमएस२ त्यातला. आणि गंमत अशी की हे तंतू बॅक्टेरिया साधारण ३० डिग्रीच्या वर असतानाच नीट तयार करतो, शरीरात करतो, विहिरीच्या गार पाण्यात नाही. म्हणजे विहिरीत एफ-फेज सापडला तर तो तिथे वाढला असण्याची शक्यता फार कमी, तो बाहेरूनच आलाय. ई. कोलायबद्दल आपल्या हवेत इतकं ठामपणे सांगता येत नाही, उबदार ओल्या मातीत आणि गाळात तो बरेच दिवस टिकतो आणि कधी कधी वाढतोही, त्यामुळे कुठला ताजा आणि कुठला मातीतला हे कळायला अवघड जातं.

पाण्यातले इतर बॅक्टेरिया प्लेटवर वाढून घाण करू नयेत म्हणून यजमान, म्हणजे प्लेटवर पेरायचे ई. कोलाय, मुद्दाम अँटिबायोटिकला न जुमानणारे घेतात. अमेरिकन पद्धतीत, तिचा नंबर १६०२, आणि आपल्या मानकात हीच सांगितली आहे, सोमॅटिकसाठी सीएन-१३ हा नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडला दाद न देणारा ई. कोलाय आणि एफ-फेजसाठी एफ-अ‍ॅम्प, तो स्ट्रेप्टोमायसिन आणि अ‍ॅम्पिसिलिन दोन्हींत टिकतो. एक लक्षात ठेव, मानकात नाव एमएस२ असलं तरी एफ-अ‍ॅम्पच्या प्लेटवर फक्त एमएस२ उगवत नाही, एफ-तंतूला चिकटणारे त्याचे सगळे सोबती दिसतात. त्यातले आरएनएवाले किती हे बघायचं असेल तर दुसऱ्या प्लेटमध्ये आरएनएज एन्झाइम घालतात, तिथे आरएनए फेजचे प्लाक उमटत नाहीत, बाकीचे उमटतात, वजाबाकी केली की झालं.

कॉलेजमध्ये प्रोजेक्ट करणार असशील तर एमएस२ सुरक्षित आहे, पण त्याचा स्टॉक नमुन्यांच्या टेबलापासून लांब ठेव. एका थेंबात कोट्यवधी फेज असतात आणि एका पिपेटच्या टोकावरून सगळे नमुने पॉझिटिव्ह येऊ शकतात. आणि हो, हाच तो एमएस२ ज्याचा पूर्ण जीनोम १९७६ ला बेल्जियममधल्या गेंटला वॉल्टर फिअर्स यांच्या टीमने वाचला, ३५६९ अक्षरं, जगात कुठल्याही विषाणूचा पूर्ण वाचलेला पहिला जीनोम. पुढच्याच वर्षी सँगर यांच्या टीमचा फाय-एक्स-१७४ आला, तो डीएनएवाल्यांतला पहिला. म्हणजे तुझ्या प्लेटवरचे हे दोन्ही कंट्रोल इतिहासातले आहेत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर सारखं येतं की गंगेच्या पाण्यात बॅक्टेरियोफेज असतात म्हणून ते खराब होत नाही. आमच्याकडे २०२७ ला सिंहस्थ आहे, आता गोदावरीबद्दलही तेच म्हणायला लागलेत. आणि तुम्ही म्हणता फेज सापडले तर पाण्यात मैला! (वाचक, नाशिक)

उत्तर : या मेसेजमध्ये एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावर चुकीचा निष्कर्ष चढवलाय. खरी गोष्ट अशी की अर्नेस्ट हँकिन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आग्र्याला काम करताना १८९६ ला लिहिलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात असं काहीतरी आहे ज्याने कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. फेजचा शोध नंतरचा, ट्वॉर्ट १९१५ आणि देरेल १९१७. मागे वळून बघताना लोक म्हणतात हँकिनला दिसलं ते फेजचं काम असावं.

पण फेज हे फार निवडक असतात हो. कॉलऱ्याच्या जंतूचा फेज सहसा ई. कोलायला हात लावत नाही, ई. कोलायचा फेज सहसा टायफॉइडचं काही करत नाही, आणि हेपटायटिस, जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरस, जिआर्डियासारखा परजीवी यांचं तर कुठलाच फेज काही बिघडवू शकत नाही, फेज फक्त बॅक्टेरियाला धरतो. शिवाय वाहत्या नदीत जंतू विरळ असतात, फेजला आपला यजमान सापडणंच कठीण. नदीत कोलिफेज भरपूर सापडतायत याचा सगळ्यात साधा अर्थ असा की वरच्या बाजूने सांडपाणी येतंय. एक लिटर कच्च्या सांडपाण्यात लाखांच्या घरात कोलिफेज असतात, ते तिथून येतात, आणि त्याच सांडपाण्यातून माणसांचे विषाणूही येतात.

आणि फेज नदी साफ करत असते तर मैल्यातले कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय आणि त्याच्या गटातले बॅक्टेरिया, उरले नसते ना? आंघोळीसाठी आपली कमाल मर्यादा १०० मिलीत २५०० आहे, आणि प्रयागराजला २०२५ च्या कुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच हरित लवादाला कळवलं की ही मर्यादा वेगवेगळ्या वेळी ओलांडली गेली. स्नानाची श्रद्धा ज्याची त्याची, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण गोदावरीचं पाणी तीर्थ म्हणून लहान मुलाच्या तोंडात घालणार असाल तर त्या मेसेजच्या भरवशावर घालू नका, एवढं हात जोडून सांगते.

प्रश्न : ताई, मी साताऱ्याकडच्या एका गावात जलसुरक्षक आहे. एच टू एसच्या बाटल्या लावतो, काळी झाली की टीसीएल वाढवतो, ओटी टेस्ट रोज करतो. आता ही व्हायरसची टेस्ट पण आम्हीच करायची का?

उत्तर : नाही भाऊ, त्याला लॅब लागते. आणि तुम्ही रोज जे करताय त्यानेच विषाणू अडतो, फक्त आकडा थोडा बदला. नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्टमध्ये शिल्लक क्लोरीन ०.२ असला की आपण बरोबर म्हणतो, पण त्याच आयएस १०५०० मध्ये लिहिलंय की विषाणूपासून संरक्षण हवं असेल तर शिल्लक क्लोरीन किमान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवा. पावसाळ्यात, पाइपलाइन फुटल्यावर, गावात कावीळ-जुलाब दिसले की ०.५ धरा. टीसीएल टाकल्यावर अर्धा तास पाणी टाकीत थांबू द्या, लगेच वॉल सोडला तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. आणि पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून ते निवळू द्या, विषाणू मातीच्या कणांना चिकटून बसतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. टीसीएलची गोणी उघडी पडली, ओलसर जागी राहिली, की तिची ताकद उतरते, मग माप बरोबर टाकूनही ओटीला पिवळा रंग येत नाही, तेव्हा गोणी बदला.

एच टू एसची बाटली फार गुणी आहे, १९८२ ला ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी ती आणली आणि जगभर पोचली. पण काळं पडतं ते बॅक्टेरियामुळे, विषाणूबद्दल ती काही सांगत नाही. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात एकदा तरी योजनेच्या उद्भवाचं, म्हणजे विहिरीचं किंवा जॅकवेलचं क्लोरीन न घातलेलं पाणी कोलिफेजसाठी जिल्ह्याच्या पातळीवर तपासलं गेलं पाहिजे. युरोपात २०२० च्या नव्या कायद्याने जोखीम दिसेल तिथे कच्च्या पाण्यात सोमॅटिक कोलिफेज बघायला लावलेत, १०० मिलीत ५० च्या वर गेले तर पुढची शुद्धीकरणाची प्रक्रिया विषाणूंना पुरेशी आहे का हे तपासायचं. अमेरिकेतही भूजलाच्या २००६ च्या नियमात कोलिफेज ही मैल्याची एक खूण धरली आहे. हे आपल्या जलसुरक्षकांच्या डोक्यावर टाकायचं काम नाही, वरच्यांनी करायचं आहे.

प्रश्न : आमची विहीर जांभ्यात खोदलेली आहे. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा शोषखड्डा. पाण्यात ई. कोलाय आला, आता शेजारी म्हणतात तुमच्याच गोठ्याचा. कुणाचा ते कळतं का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ई. कोलायवरून नाही कळत, तो गाईचाही असतो आणि माणसाचाही. फेजवरून काही अंशी कळतं. एफ-स्पेसिफिक आरएनए फेजचे चार गट आहेत, त्यातले दुसरा आणि तिसरा बहुतेक करून माणसाच्या सांडपाण्यात, पहिला आणि चौथा बहुतेक जनावरांकडे, पण हे "बहुतेक" आहे, कोर्टात दाखवायचा पुरावा नव्हे. त्याहून नेमका क्रासफेज, तो २०१४ मध्ये माणसाच्या विष्ठेतल्या डीएनएचा डेटा कॉम्प्युटरवर जुळवताना सापडला, तोपर्यंत कोणी त्याला पाहिलाच नव्हता आणि तो निघाला जगभरातल्या माणसांच्या आतड्यात. ई. कोलायच्या नाही तर बॅक्टेरॉइड्स जातीच्या बॅक्टेरियाचा फेज आहे, पीसीआरने शोधतात. आणखी एक विषाणू यासाठी वापरतात तो फेज नाही, मिरचीच्या झाडाचा रोग आहे, मिरची खाल्ली की तो पोटातून तसाच बाहेर पडतो आणि सांडपाण्यात प्रचंड सापडतो. आपल्याकडे तो किती सापडत असेल याची कल्पना करा!

पण तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. प्रत्येक माणसाच्या विष्ठेत एफ-फेज असतातच असं नाही, शहराच्या गटारात हजारो लोकांचं एकत्र येतं म्हणून तिथे हमखास मिळतात, एका घराच्या शोषखड्ड्यात नसूही शकतात. त्यामुळे फेज सापडला तर धोका पक्का समजा, नाही सापडला तर शोषखड्डा निर्दोष सुटला असं नाही. आणि जांभा सच्छिद्र, भेगा पडलेला, त्यातून पाणी भराभर वाहतं, खड्डा आणि विहिरीत १५ मीटर अंतर ठेवा हा नियम तिथे कमीच पडतो, विषाणू तर बॅक्टेरियापेक्षाही लांब जातात. भांडण मिटवायला टेस्ट करण्यापेक्षा दोघांनी मिळून शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला हलवा आणि गोठ्याचं मूत-शेण वाहून जायला पक्का चर काढा. शेजारी पण त्याच भूजलाचं पाणी पितात.

प्रश्न : खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं खाल्ल्यावर पोट बिघडतं ते याच विषाणूंमुळे का? (वाचक, मालवण)

उत्तर : बऱ्याचदा, हो. शिंपल्यातले हे जीव दिवसभर पाणी गाळत असतात आणि पाण्यातलं सगळं अंगात साठवतात. स्वच्छ पाण्यात ठेवले तर दोन-तीन दिवसांत ई. कोलाय निघून जातो, नोरोव्हायरस मात्र आतड्यात आठवडेच्या आठवडे चिकटून राहतो, म्हणजे पुन्हा तेच, टेस्ट पास आणि माल खराब. म्हणून अमेरिकेत सांडपाणी शिरल्यामुळे बंद केलेली कालवांची जागा परत उघडायची का हे ठरवताना एफ-कोलिफेज मोजतात. घरी एवढंच करा की शिंपल्या उघडल्या म्हणजे शिजलं असं समजू नका, उघडल्यानंतरही चांगलं चटका बसेपर्यंत शिजवा, आतलं मांस ९० डिग्रीला दीड मिनिट तरी राहिलं पाहिजे. एकशिपी करताना लोक झटकन उतरवतात, तिथे थोडा धीर धरा. खाडीत गटार सोडणाऱ्यांबद्दल एक वेगळा कॉलम लिहायचा आहे.

प्रश्न : यूव्ही प्युरिफायरवर "९९.९९% व्हायरस नष्ट" लिहिलेलं असतं, ते कसं तपासतात? माणसांचे व्हायरस घालून? (वाचक, ठाणे)

उत्तर : अशा चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा एमएस२ घालून बघतात. मुद्दाम भरपूर फेज सोडलेलं पाणी मशीनमधून काढतात आणि बाहेर किती उरले ते प्लेटवर मोजतात. यूव्हीच्या बाबतीत एमएस२ चांगलाच दणकट आहे, पोटातल्या बऱ्याच विषाणूंपेक्षा, त्यामुळे तो मेला तर बाकीचे मेले असं मानायला जागा आहे. एक अपवाद अ‍ॅडिनोव्हायरस, तो यूव्हीला एमएस२ पेक्षाही चिवट. आणि ९९.९९ हा आकडा नव्या दिव्याचा आणि स्वच्छ पाण्याचा आहे, गढूळ पाण्यात किंवा काचेवर क्षार बसल्यावर तो राहत नाही, दिवा पेटलेला दिसतोय म्हणून निर्धास्त होऊ नका, सर्व्हिस वेळेवर करा. नुसती कँडल असलेला फिल्टर विषाणूंना अडवत नाही, कँडलची छिद्रं त्यांच्या मानाने फार मोठी.

प्रश्न : ही टेस्ट करून मिळते कुठे आणि लॅबला नक्की काय सांगायचं? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

उत्तर : लॅब निवडताना तिचा एनएबीएलचा स्कोप, म्हणजे कुठल्या टेस्टना तिला सरकारमान्य प्रमाणपत्र आहे त्याची यादी, मागा, तो दाखवायला कोणी नाही म्हणत नाही, आणि त्यात एमएस२ फेज किंवा कोलिफेज लिहिलंय का बघा. नुसतं "बॅक्टेरियॉलॉजिकल" लिहिलेलं असेल तर ती टेस्ट तिथे होत नाही. अर्जात स्पष्ट लिहा : आयएस १०५०० प्रमाणे एमएस२ फेज, १ लिटर. पैसे जास्त लागतील, कारण एका १०० मिलीलाच बऱ्याच प्लेटा लागतात, इथे तर दहा पट पाणी. सोसायटीने वर्षातून एकदा, पावसाळा सुरू झाल्यावर, टाकीचं पाणी दिलं तरी पुष्कळ झालं, आणि कावीळ आली असेल तर लगेच.

बाटली लॅबकडूनच घ्या, निर्जंतुक केलेली आणि क्लोरीन मारायला आत सोडियम थायोसल्फेट घातलेली, ती विसळायची नाही, नाहीतर थायोसल्फेटच वाहून जाईल आणि वाटेत क्लोरीन फेजना मारत राहील. नळ दोन-तीन मिनिटं सोडा, मग भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा, ४८ तासांच्या पुढे गेलेला नमुना लॅबने घेतला तरी तुम्ही देऊ नका. आणि रिपोर्ट आल्यावर फेज आढळला असेल तर लगेच सोसायटीत काविळीचा विषाणू आहे असं कोणाला सांगत सुटू नका, फेज म्हणजे मैल्याचा रस्ता उघडा आहे, त्या रस्त्याने आज कुठला विषाणू आलाय ते पीसीआरवरून कळेल. रस्ता शोधायला मात्र पीसीआरची वाट बघायची नाही, प्लंबरला त्याच दिवशी बोलवा आणि पाणी उकळायची सूचना लिफ्टजवळ लावा.